आणीबाणीच्या कादंबऱ्यांतला दलित आणि आमचे मौन

आणीबाणीला पन्नास वर्षे झाली त्या आठवड्यात आमच्या जांबे गावातल्या रविवारच्या वाचन-बैठकीत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आले. आणणारा तरुण हिंजवडीत आयटी कंपनीत नोकरीला आहे. पुस्तक होते रोहिंटन मिस्त्री यांची 'अ फाइन बॅलन्स' ही १९९५ सालची कादंबरी. कंपनीच्या बसमध्ये येता-जाता वाचून त्याने ती दोन महिन्यांत संपवली होती. शेवट वाचल्यावर दोन रात्री नीट झोप लागली नाही, असे तो म्हणाला. मग त्याने विचारले, "काळ १९७५ चा, शहर म्हणजे उघड उघड मुंबई, मुख्य पात्रांतली दोन चांभाराच्या घरातली. आणि अख्ख्या मुंबईत त्यांना एक जयभीमवाला भेटत नाही. असं कसं?"

बैठकीत कोणालाच लगेच उत्तर देता आले नाही. नंतर आम्ही तिघा-चौघांनी ती कादंबरी वाचली, तिच्या आजूबाजूचेही वाचले, आणि बरीच भांडणे झाल्यावर जे हाती आले ते इथे मांडतो आहोत.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. दुखी मोची हा गावकुसाबाहेरचा माणूस. तो आपल्या दोन मुलांना, ईश्वर आणि नारायणला, कातड्याच्या धंद्यातून काढून शहरातल्या अश्रफ नावाच्या मुसलमान शिंप्याकडे कामाला ठेवतो. (प्रेमचंदांच्या 'सद्गती'मधल्या चांभाराचे नावही दुखीच. सवर्ण आणि बिगरदलित लेखकांना आमच्या माणसाचे नाव ठेवताना दुःखापलीकडचा शब्द का सुचत नाही, हा एक वेगळा लेख होईल.) पोरे शिंपी होतात. नारायण गावी परततो, आपल्याच माणसांचे कपडे शिवतो, घर बांधतो. पुढे निवडणुकीत तो म्हणतो की माझे मत मी स्वतः टाकणार. ठाकूर त्याचे हालहाल करून त्याला मारतो आणि त्याच्या घरच्यांना जाळतो. वाचतात ते फक्त शहरात असलेले ईश्वर आणि नारायणचा मुलगा ओमप्रकाश. हे काका-पुतणे मुंबईत येतात आणि दीना दलाल या एकट्या पारशी बाईकडे शिवणकाम करतात. आणीबाणीत त्यांची झोपडपट्टी पाडली जाते, त्यांना सक्तीच्या कामावर नेले जाते. शेवटी ओमच्या लग्नासाठी गावी गेलेले असताना दोघांची जबरदस्तीने नसबंदी होते. ठाकूर त्या संधीचा फायदा घेऊन ओमला कायमचा नपुंसक करून टाकतो. ईश्वरचे पाय सडतात, ते कापावे लागतात. कादंबरी संपते तेव्हा दोघे मुंबईच्या रस्त्यावर भीक मागत असतात.

मिस्त्री मुंबईत वाढलेले पारशी. १९७५ साली ते कॅनडाला गेले आणि टोरंटोत बँकेत नोकरी करू लागले. म्हणजे ज्या काळावर त्यांनी हा ग्रंथ रचला तो काळ त्यांनी या मातीवर काढलेला नाही. आमच्यातले काही जण इथेच थांबले. जो इथे नव्हता त्याला काय कळणार, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप आम्हाला मान्य नाही. बाबासाहेबांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते आणि तीन वर्षे देशाबाहेर होते. जातीची उत्पत्ती आणि स्त्रीवरचे नियंत्रण यांचा संबंध त्यांनी तिथून दाखवला. इथे बसलेल्या किती पंडितांना तो तोवर दिसला होता? लांब असणे हा दोष नव्हे. लांब जाण्याआधी तुम्ही कोणत्या गल्लीत उभे होता, हा खरा प्रश्न आहे.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, नाहीतर आमचे म्हणणे भलत्यांच्या पथ्यावर पडेल. मिस्त्रींचीच 'सच अ लाँग जर्नी' ही कादंबरी २०१० साली शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेने ओरड केल्यावर मुंबई विद्यापीठाने अभ्यासक्रमातून काढून टाकली. आम्ही त्या काढण्याच्या बाजूचे नाही. 'रिडल्स इन हिंदुइझम' छापले म्हणून १९८७-८८ साली याच पक्षाने रस्त्यावर उतरून बाबासाहेबांचे शब्द गाळायला लावायचा प्रयत्न केला, आणि त्याला उत्तर द्यायला आमची माणसे लाखोंनी मुंबईत आली, हे आम्ही विसरलेलो नाही. पुस्तकाशी भांडायचे तर ते वाचून भांडायचे.

तर भांडण असे आहे. १९७५ ची मुंबई कशी होती? २९ मे १९७२ ला दलित पँथरची स्थापना झाली. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. जानेवारी १९७४ मध्ये वरळीची दंगल झाली, बीडीडी चाळी पेटल्या, आणि १० जानेवारीच्या मोर्चावर वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव यांचा बळी गेला. मध्य मुंबईतल्या लोकसभा पोटनिवडणुकीवर पँथरने बहिष्कार पुकारला आणि राज्यकर्त्यांना घाम फुटला. म्हणजे ईश्वर आणि ओम व्हीटीला उतरण्याच्या जेमतेम वर्ष-दीड वर्ष आधी दलित पोरांनी हे शहर हलवून ठेवले होते. भिंतींवर त्याच्या घोषणा होत्या. मिस्त्री तेव्हा याच शहरात विशी-बाविशीचे होते. कादंबरीत मात्र दलित प्रश्नावर बोलायला कोण येते? दुखीच्या काळात गावच्या चौकात येऊन महात्म्याचा निरोप सांगणारे काँग्रेसचे वक्ते येतात. कथानक पुढे नेणारे एकही पात्र आंबेडकरी चळवळीतले नाही.

एका मित्राने यावर चांगला मुद्दा काढला. हे शिंपी महाराष्ट्राचे नाहीत. ठाकूर, पंडित ही नावे पाहता त्यांचे गाव उत्तरेकडचे वाटते. नव्याने आलेल्या परप्रांतीय कारागिराची पँथरशी गाठ पडलीच पाहिजे असे नाही, आणि कादंबरीकाराने काय दाखवावे हे आपण ठरवू शकत नाही. मुद्दा बरोबर आहे. नारायणचे पात्रही आमच्या आक्षेपाला निम्मे उत्तर देते. तो मतपत्रिकेसाठी अडून बसतो, ते राजकारणच आहे. मिस्त्रींनी ते प्रकरण अंगावर काटा येईल असे लिहिले आहे. ईश्वर आणि ओमची आपापसातली थट्टा, दीनाबाईंच्या घरात कपबशी वेगळी असण्यापासून एका ताटात जेवण्यापर्यंत झालेला प्रवास, हेही प्रेमाने लिहिलेले आहे. हे सगळे मान्य.

तरी एक गोष्ट सलत राहते. नारायण एकटा उभा राहतो आणि मरतो. त्याच्यामागे संघटना नाही, वर्तमानपत्र नाही, मोर्चा नाही, त्याचे नाव घेणारा कोणी नाही. त्याचा मुलगा बापाच्या खुनाचा राग घेऊन ज्या शहरात येतो, त्या शहरात असा राग एकत्र बांधणारी माणसे खरोखर होती, आणि लेखक त्याला त्यांच्यापासून लांबच ठेवतो. त्यामुळे सहाशे पानांत दलित म्हणजे राजकारण ज्याच्यावर घडते असे एक शरीर उरते. त्याला मारले जाते, हाकलले जाते, कापले जाते. तो काही घडवत नाही. कादंबरीकार ठरवून खोटे बोलला असे आमचे म्हणणे नाही. मध्यमवर्गीय पारशी घराच्या खिडकीतून १९७४ ची वरळी जशी दिसली असेल, तशीच ती टोरंटोला गेली, एवढेच.

हे एकट्या मिस्त्रींचे नाही. मुंबईत जन्मून लंडनला गेलेल्या सलमान रश्दींच्या 'मिडनाइट्स चिल्ड्रन'मध्येही (१९८१) आणीबाणी आहे, नसबंदी आहे, दिल्लीत पाडलेली झोपडपट्टी आहे. ती झोपडपट्टी जादूगारांची आहे. वाचायला बहार येते. पण झोपडपट्टीत जादूगार दिसणे ही सोय लांबून पाहणाऱ्यालाच परवडते. आमच्या वस्तीत सफाई कामगार, हमाल, बिगारी राहतात.

आमच्या बैठकीत चीनचा विषय निघाला तो इथे. परदेशी गेलेल्या चिनी लेखकांनी आपल्या देशातल्या उलथापालथीवर फार लिहिले आहे आणि जगाने ते डोक्यावर घेतले आहे. गाओ शिंगजियान यांना २००० साली नोबेल मिळाले तेव्हा ते फ्रान्सचे नागरिक होते. मा जियान लंडनमध्ये राहतात. त्यांच्या 'बीजिंग कोमा' (२००८) या कादंबरीचा नायक १९८९ च्या तियानमेन आंदोलनात गोळी लागून वर्षानुवर्षे बेशुद्ध पडून आहे. त्याला सगळे ऐकू येते, हलता मात्र येत नाही, आणि बाहेर देशाचा बाजार होत जातो. त्यांची पुस्तके चीनमध्ये मिळत नाहीत. म्हणजे त्यांचे बाहेर असणे निम्मे नाइलाजाचे आहे. जे घरी छापता येत नाही ते ते बाहेर छापतात. मिस्त्री किंवा रश्दींवर आणीबाणीबद्दल लिहिण्यासाठी देश सोडण्याची वेळ आली नव्हती. हा फरक विसरून तुलना करू नये.

पण चिन्यांकडून शिकण्यासारखे एक आहे. हा जिन म्हणून लेखक आहेत. चौदाव्या वर्षी ते चिनी सैन्यात गेले, १९८५ साली शिकायला अमेरिकेत आले, आणि तियानमेननंतर परतलेच नाहीत. ते इंग्रजीत लिहितात. १९९० साली पहिला कवितासंग्रह काढताना त्यांनी प्रस्तावनेत सांगितले होते की तिकडे ज्यांनी सोसले त्यांच्या वतीने आपण बोलतो आहोत. पुढे २००८ साली 'द रायटर अ‍ॅज मायग्रंट' या निबंधांच्या पुस्तकात त्यांनी स्वतःच्याच त्या दाव्याची उलटतपासणी केली. मला या लोकांचा प्रवक्ता कोणी केले? मी चांगले लिहिले नाही तर माझ्या बोलण्याला किंमत काय? आणि ज्यांच्या वतीने बोलतो त्यांच्यातून मी कधीच उठून आलेलो असलो तर? हे प्रश्न त्यांनी स्वतःला विचारले. इतके प्रामाणिक आत्मपरीक्षण आमच्याकडच्या किती लेखकांनी केले आहे? दलितांवर लिहून नाव झालेल्या सवर्ण साहित्यिकांनी हा निबंध एकदा जरूर वाचावा.

चिनी लेखनातही खिडकीचा प्रश्न आहेच. दाय सिजिए यांची 'बाल्झाक अँड द लिटल चायनीज सीमस्ट्रेस' ही फ्रेंचमध्ये लिहिलेली छोटी कादंबरी आहे. सांस्कृतिक क्रांतीत डोंगराळ खेड्यात मजुरीला पाठवलेल्या दोन शहरी मुलांची ती गोष्ट. दोघांच्या घरी डॉक्टरकी. त्यांच्यावर झालेला अन्याय खरा आहे. पण जन्मभर त्या डोंगरात मैला वाहणारे शेतकरी गोष्टीला रंग आणण्यापुरते आहेत. शिकलेल्या घरातल्या मुलाने चार वर्षे शेण वाहिले की ते राष्ट्राचे संकट होते. ज्यांनी पिढ्यानपिढ्या वाहिले त्यांचे काय होते? हा प्रश्न आम्हाला चीनहून आणावा लागत नाही.

आमच्या मुळशीतच बघा ना. १९२१ चा मुळशी सत्याग्रह म्हटला की सेनापती बापट आठवतात, टाटांचे धरण आठवते, मावळ्यांच्या जमिनी आठवतात. त्या पाण्याखाली महारवाडेही गेले. त्यांची नावे कोणत्या पुस्तकात आहेत? तालुक्यात इतकी वर्षे काम करून आम्हाला ती यादी सापडलेली नाही.

आता जड जाणारा भाग. मिस्त्रींच्या कादंबरीत आम्ही का नाही, असे विचारणे सोपे आहे. आमच्या पुस्तकांत आमची आणीबाणी कुठे आहे? १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले आणि मराठी साहित्य हादरले. त्यामागून आत्मकथनांची रांग लागली. गावकी, भूक, शाळा, बाबासाहेबांचे निर्वाण, धर्मांतर, पुढे नामांतर, सगळे त्यांत आहे. आणीबाणीचे एकवीस महिने मात्र आमच्या वाचनात तरी फार कमी आले. मराठीत आणीबाणी म्हणजे कऱ्हाडच्या साहित्य संमेलनातल्या दुर्गाबाई भागवत, येरवड्यातले समाजवादी आणि संघाचे स्वयंसेवक. त्यांनी सोसले, त्याची टिंगल करायची नाही. त्यांनी लिहूनही ठेवले. मिसाबंदींना २०१८ साली राज्य सरकारने महिन्याचे मानधन लागू केले, २०२० साली ते बंद झाले, २०२२ साली पुन्हा सुरू झाले. आता २५ जून हा सरकारी 'संविधान हत्या दिवस' झाला आहे. ज्यांच्या मुखपत्राने नोव्हेंबर १९४९ मध्ये संविधानात मनूचे काहीच नाही म्हणून गळा काढला होता, ते आम्हाला संविधानाची हत्या शिकवतात! आम्ही मात्र गप्प बसतो, कारण आमच्याकडे सांगायला अडचणीची गोष्ट आहे.

ती गोष्ट अशी. आणीबाणीत चळवळीतले अनेक जण इंदिरा गांधींच्या बाजूला होते. रिपब्लिकन पक्षाचा मोठा गट काँग्रेसच्या आधाराने उभा होता. पँथरमध्ये १९७४ सालीच फूट पडली होती. ढसाळांनी आणीबाणीचे समर्थन केले आणि १९७६ साली इंदिराजींवर 'प्रियदर्शिनी' ही दीर्घ कविता लिहिली. राजा ढाले आणि ज. वि. पवार यांनी ७ मार्च १९७७ रोजी, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, पँथर बरखास्त केल्याचे जाहीर केले. पाच वर्षांत एक वादळ आले आणि विझले.

यावर दोन ठरलेली उत्तरे आमच्याकडे मिळतात. एक, ढसाळ विकले गेले. दोन, तो विषय काढूच नका, शत्रूला कोलीत मिळेल. दोन्ही आळशी उत्तरे आहेत. पँथरच्या पोरांवर किती खटले होते, कोर्टाच्या तारखा करता करता किती जणांच्या नोकऱ्या गेल्या, हे पाहिल्याशिवाय समर्थनाचा हिशेब लागत नाही. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. अस्पृश्यतेच्या १९५५ च्या कायद्यात शिक्षा कडक करून त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव दिले ते त्याच वर्षी. गावच्या पाटलाला पहिल्यांदा सरकारची भीती वाटली, असे म्हणणारी म्हातारी माणसे आम्हाला भेटली आहेत. आणि त्याच १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, एवढेच. त्याच वर्षी मे महिन्यात अणुशक्ती केंद्रासाठी मानखुर्दची जनता कॉलनी उठवली आणि हजारो कुटुंबे चीता कॅम्पच्या दलदलीत नेऊन टाकली. पाटलाला घाबरवणारे सरकार आणि झोपडीवर बुलडोझर घालणारे सरकार एकच होते. आमच्या माणसाला ते एकाच वेळी दोन्ही रूपांत भेटले. या पेचावर आमची कादंबरी का नाही? मिस्त्रींना हा पेच दिसणे शक्य नव्हते, कारण तो त्यांचा नव्हता. लिहायचा तर आम्हीच लिहायला हवा होता.

परदेशातून असे लिहिता येते, याची उदाहरणे आता आहेत. सुजाता गिडला न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कंडक्टर आहेत. त्यांचे 'अँट्स अमंग एलिफंट्स' (२०१७) ही कादंबरी नव्हे, घराण्याची कहाणी आहे, पण राजकीय उलथापालथ कशी लिहावी हे तिच्याकडून शिकावे. त्यांचे मामा के. जी. सत्यमूर्ती तेलंगणाच्या लढ्यापासून नक्षल चळवळीपर्यंत गेले आणि पक्षातल्या जातीबद्दल बोलल्यावर बाहेर काढले गेले. त्यात दलित माणूस मार खातो, तसा पक्षही उभारतो, चुका करतो, बायकांवर घरात अन्याय करतो. भाचीने मामाला सोडलेले नाही, दैवतही केलेले नाही. आमच्या नांदेडच्या वस्तीतून निघून हार्वर्डला पोहोचलेल्या सूरज एंगडे यांनी 'कास्ट मॅटर्स'मध्ये (२०१९) आपल्याच समाजातल्या मध्यमवर्गाला आरसा दाखवला, तोही याच जातीचा धीटपणा आहे.

हिंजवडीतून दर महिन्याला आमचा कोणी ना कोणी ऑनसाइट जातो. सिएटल, टोरंटो, लंडन. बैठकीतला तो तरुणही डिसेंबरमध्ये जाणार आहे. तिकडे जाऊन तो काय लिहील ते त्याच्यावर. पण २०१८ चा भीमा कोरेगाव त्याने टीव्हीवर पाहिलेला नाही. त्या दिवशी तो तिथे होता, त्याच्या मित्राची मोटारसायकल जळली, आणि नंतर सहा महिने त्याने हे ऑफिसमध्ये कोणाला सांगितले नाही. हा न सांगण्याचा भाग कोणत्याही सवर्ण कादंबरीकाराला सुचणार नाही.

तूर्त आम्ही दुसरे एक काम धरले आहे. जांबे, मारुंजी, नेरे, कासारसाई इथल्या आमच्या वस्त्यांत १९७५ साली वीस-पंचवीस वर्षांची असलेली माणसे आज सत्तर-पंचाहत्तरीत आहेत. आम्ही मोबाईलवर त्यांचे बोलणे टिपतो आहोत. परवा एका आजींकडे गेलो होतो. आणीबाणी म्हटल्यावर त्यांना काही कळेना. मग त्यांच्या सूनबाईंनी विचारले, "आत्या, ते गुरुजी ऑपरेशनच्या केसेससाठी दारोदार फिरायचे, ते साल." आजी हसल्या, म्हणाल्या, "त्यो मास्तर व्हय? त्याला तीन माणसं द्यायची व्हती, न्हाई तर पगार बंद. रडायचा बिचारा." मग बराच वेळ गप्प राहिल्या. त्या तिघांत आपल्या घरातले कोणी होते का, असे आम्ही विचारले. त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितले. पुढच्या रविवारी पुन्हा या म्हणाल्या.